आबांसाठी देवनागरी कार्ड

मला शिकवलं ते आबांनी, माझ्या थोरल्या काकांनी. प्रिंटरच्या रिबिनीचा वास आला की आठवतं, जळगावच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा पहिलं छापील पत्र आबांनाच पाठवायचं मी ठरवलं होतं. पण त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मशीनला मराठी. त्यासाठी आत बसवायचं देवनागरी कार्ड लागे. जळगावचे दुकानदार म्हणत, “धुळ्याला बघा,” आणि धुळ्याचे म्हणत, “साहेब, जळगाव सोडून इथं कशाला आलात?” एसटीनं हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला आला. एकदाचं धुळ्यात मिळालं, तर ते इतकं लांब की मशीनचं झाकणच बसेना. शेवटी झाकणाशिवाय मशीन चालवून पत्र छापलं. आबांचं अहिराणीत उत्तर आलं, “हाई अक्षर तुनं नई शे. हात मोडना का?” मी कपाळावर हात मारला, हात मोडला नाही हे दाखवायला पेन काढलं आणि लिहिलं, “आबा, हात बरा शे.”