मोजणीबाहेरचा मुलूख

मुलांनो, आमच्या बादशहांच्या पायात चप्पल नसे, पण डोक्यात साम्राज्य होते. आखाडा बाळापूरच्या शिवारात ते मेंढ्या राखत. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, ते नव्वदच्या दशकातले दिवस.

मेंढ्या कुणाच्या रानात शिरल्या की शेतकरी ओरडे, "ओ बादशहा, मेंढरं हाका!" बादशहा शांतपणे उत्तर देत, "आमच्या मुलखात तुमाला पेरणी करू देऊन राहिलो, ते काय कमी हाय?"

या बादशाहीचा पुरावा म्हणजे कापडावर चिकटवलेला एक जुना नकाशा. बाजारात घोंगडी देऊन घेतलेला. कडेने बारीक अक्षरांत गावेच गावे, आणि मधोमध एक मोठा पिवळा भाग. त्यावर इंग्रजीत एकच ओळ. "येवढ्या मुलखाला एकच नाव. आमच्या पूर्वजांचं बुडालेलं राज्य हाय ते," असे ते सांगत. ती ओळ मात्र कुणाकडून वाचून घेत नसत.

पुढे त्यांच्या लेकीला, रखमाला, पुसेगावचे स्थळ आले. राज्याची कीर्ती तिथवर पोचली होती. मुलाचे वडील चिकित्सक. म्हणाले, "जरा वाचून तर दाखवा, पाव्हणं." मला बोलावणे आले. थाप ठरली तर सोयरीक मोडणार, हे सगळ्यांनाच कळत होते.

बादशहांनी नकाशा पसरला. "बाई, लेकीचं काम हाय. जे हाय तेच वाचा."

मी ती ओळ दोनदा वाचली. तुम्हाला माझी खोड ठाऊक आहे. लग्नपत्रिकेतल्या चुकाही मी लाल शाईने दुरुस्त करते. खोटे वाचणे जमेना.

"लिहिलंय, 'या भागाची मोजणी झालेली नाही.'"

पाहुण्यांची बशी ओठांजवळच थांबली. आत रखमाच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

बादशहांनी क्षणभर नकाशाकडे पाहिले आणि मांडीवर थाप मारली. "ऐकलं का, पाव्हणं? सायबाची मोजायची साखळी संपली, पन आमचा मुलूख न्हाई संपला!"

पाहुण्यांचा चहा धोतरावर सांडला. हसू आवरल्यावर ते म्हणाले, "राज्य ठिवा तुमच्यापाशीच. पोरगी तेवढी द्या."

लग्नानंतर आठच दिवसांनी बादशहा नकाशा घेऊन शाळेत आले. "बाई, मधी लय रिकामं दिसून राहिलं. लेकीचं नाव टाका."

जुन्या वस्तूवर मी कधी रेघही ओढत नाही. त्या दिवशी पेन उघडले आणि जपून 'रखमा' लिहिले.

अक्षरओळख नसलेले बादशहा त्या नावावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

"काहून येवढं बारीक लिवलं, बाई? मोठं लिवा की. जागा हाय."