घोडा पुसण्याचे धडे

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कुमुदिनी घोड्याचे पाय पुसत होती. शेपटी आदल्या दिवशीच गेली होती. ओसरीवर पाट उलटा टाकून तिने कागद पसरला होता आणि रबराचा चुरा फुंकरीने उडवत होती.

"कालच्यापेक्षा आज घोडा कमी आहे," चहाचा कप घेऊन आलेला श्रीपाद म्हणाला. तिचा हा नवरा अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात हजेरी कारकून होता.

"पुस्तकात तसंच आहे," ती म्हणाली.

१९५४ सालचा मार्च. कुमुदिनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. ड्रॉइंगचे मास्तर महिनाअखेर जाणार होते. मुख्याध्यापिका उमाबाईंनी तिला सांगितले होते, "सोमवारी फळ्यावर एक धडा घेऊन दाखवा. जमला तर चित्रकला तुमच्याकडे. नाहीतर मला दोन्ही विषय येणारी बाई बघावी लागेल."

छापा उठवून दिला तर कुमुदिनी कापडावर मोर नाचवायची. कोऱ्या कागदावर मात्र तिची गाय आणि तिचे टेबल ओळखू येत नसे. म्हणून तिने उल्हासनगरच्या बाजारातून, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, चित्रकला शिकवणारे एक पुस्तक आणले. मजकूर सिंधी होता, अरबी वळणाच्या लिपीतला. अक्षरच काय, पानावरचा आकडाही कळत नव्हता. चित्रेच तर बघायची आहेत, असे तिने मनाशी म्हटले.

पहिल्याच पानावर आयाळ उडवणारा उमदा घोडा होता. आठवडाभर ती त्याच्याशी झुंजली आणि हरली. दुसऱ्या पानावर त्याची छाया गेलेली, तिसऱ्यावर आयाळ. धडे सोपे होत गेले तसा तिला धीर आला. हे पुस्तक पुसायला शिकवते, असे ठरवून तिने आणखी एक रबर आणले.

"शेवटच्या पानावर कोरा कागद असेल," श्रीपाद म्हणाला. "तो तुला नक्की जमेल."

दहाच्या सुमारास पापड विकणारी सिंधी ईश्वरीबाई निर्वासितांच्या कॅम्पातून आली. टोपली उतरवताना तिचे लक्ष पाटाकडे गेले.

"अरे बाई, हमारा किताब इधर से नहीं, उधर से चलता है!"

तिने पुस्तक पालथे केले आणि दुसऱ्या बाजूचा पुठ्ठा उघडला. पानावर दोन गोल आणि त्यांना जोडणारी एक रेघ होती. "ये पहिला सबक."

श्रीपाद हसू दाबत विहिरीकडे पळाला. माई, म्हणजे तिच्या सासूबाई, पापड निवडता निवडता म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस घोडं मागंमागंच हाकलत होतीस की गं!"

"आता पुढं हाकते," ती म्हणाली आणि पहिल्या दोन गोलांना बसली.

हात आपोआप चालला. जी रेघ पुसायला तिला दिवस लागला होता, ती कुठून येते हे तिला पाठ झाले होते. दिवेलागणीला कागदावर घोडा उभा राहिला. एक कान जरा गाढवाच्या वळणाचा होता, तो माईंनी दाखवला.

सोमवारी तिने फळ्यावर दोन गोल काढले.

"लाडू!" सहावीतली एक मुलगी ओरडली.

"चाकं!" दुसरी.

मान आली, पाय आले, आयाळ आली. शेवटच्या बाकावरून उमाबाईंनी विचारले, "आणि एखादीचं चित्र बिघडलं तर?"

कुमुदिनीने डस्टर घेतले. आयाळ पुसली, मग शेपटी, मग पाय, त्याच क्रमाने, पार दोन गोलांपर्यंत. "असं मागं यायचं, बाई. कुठं बिघडलं ते वाटेत सापडतं."

"ही पद्धत कुठं शिकलात?"

"पुस्तकातच आहे," कुमुदिनी म्हणाली. पुस्तक कुठल्या बाजूने वाचले, ते तिने सांगितले नाही.

शाळा सुटायच्या आत उमाबाईंनी वेळापत्रकावरचे मास्तरांचे नाव खोडून तिचे घातले. उद्या मंगळवार. सहावीला तिसरा तास चित्रकलेचा आहे. मुलींनी कागद, पेन्सिल आणि रबर घेऊन यायचे आहे.