होइटच्या पायऱ्या

मोज्यांच्या गिरणीतलं काम सुटल्यापासून माझा नवरा होइट रोज पहाटे तळ्यावर जातो. तळं म्हणजे धरणाचं पाणी. तो सहा वर्षांचा होता तेव्हा सरकारनं आमचं अलाबामातलं हे खोरं भरून टाकलं आणि त्याच्या आईचं घर त्यात गेलं. घराचं लाकूड लोकांनी आधीच उतरवून नेलं होतं. दारातल्या दगडी पायऱ्या तेवढ्या राहिल्या. आपली होडी बरोब्बर त्यांच्यावर उभी असते, असं होइट म्हणतो. मला सगळं पाणी सारखंच दिसतं.

बास मासा धरायला तो गळाला प्लास्टिकचं गांडूळ लावतो. त्याची खरेदी बघण्यासारखी. मर्लच्या दुकानात महागडी चकचकीत पाकिटं दारातच टांगलेली असतात. हा ती ओलांडून मागच्या स्वस्ताच्या टोपलीशी जातो, डोळे मिटतो आणि पाकिटावरूनच एकेक गांडूळ दाबून बघतो, मी पीच दाबते तसं. कडक असलं तर तळाला मेल्यासारखं पडतं, फार मऊ असलं तर एका माशातच फाटतं. रंग दोनच. गढूळ पाण्याला काळपट जांभळा, नितळ पाण्याला कलिंगडाच्या सालीचा. बाकीचे रंग माणसं पकडायला असतात म्हणतो.

मर्ल एकदा म्हणाला, "होइट, अरे, गळाला लावायचंय की लग्न करायचंय त्याच्याशी?"

"लग्नाच्या वेळी एवढं कुठं बघितलं होतं," हा म्हणाला. मी शेजारीच उभी.

या उन्हाळ्यात त्याची थोरली बहीण ऑर्लीना अंथरुणाला खिळली. एक्याण्णव वर्षांची बाई. आमची नावं विसरली, पण होइट दिसला की विचारायची, पायऱ्या आहेत का रे अजून? त्या पायऱ्यांवर बसून, त्याला मांडीवर घेऊन तिनं शेंगा सोलल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आता थोडेच दिवस. तेव्हापासून हा मासे सोडून पायऱ्या खरंच आहेत का, हेच शोधायला लागला. दोरीत सरकती शिशाची गोळी, पुढं गांडूळ, आणि तळावरून हळूहळू ओढत आणायचं. चिखल, खडी, झाडाचा बुंधा, सगळं त्याच्या बोटांना कळतं.

त्यात त्याला मोह झाला. कितीही ताणलं तरी तुटत नाही अशी गांडुळांची एक नवी जात टोपलीत निम्म्या किमतीला मिळाली, ती त्यानं जुन्यांच्याच डबीत टाकली. त्या दोन जातींचं एकमेकींशी पटत नाही, एकत्र ठेवल्या की वितळतात, हे मर्लनं दहादा सांगितलं होतं. डबी दिवसभर गाडीत तापली. संध्याकाळी उघडली तर आत जांभळा चिकट लगदा. होइट ती मांडीवर घेऊन बसून राहिला. मी लगदा खरवडायला जुना चमचा आणून दिला. बोलण्यासारखं खूप होतं.

मर्लचं दुकान बंद झालेलं. खिशात एकच गांडूळ उरलेलं, तेही मधोमध फाटकं. माझ्या जेवणाच्या काट्याचं टोक शेगडीवर तापवून त्यानं ते सांधलं, आणि सकाळी वल्हं मारायला मला नेलं.

धुकं असं की होडी पाण्यात आहे की ढगात, समजेना. खाली त्याची आई अंगण झाडतेय आणि झाडूचा आवाज वर येतोय असं मला वाटलं. वल्ह्याचाच होता तो.

"घासतंय," होइट पुटपुटला. "सपाट आहे. खाली पडलं. परत सपाट."

तेवढ्यात दोरी आपसूक बाजूला चालू लागली. मोठा मासा होता. मी म्हटलं, ओढ की. त्यानं ओढली नाही. हिसका दिला असता तर शिसं पायरीवरून उठलं असतं. माशानं सांधा तोडून गांडूळ नेलं, आणि मग नुसतं शिसं टक्कन तिसऱ्या पायरीवर उतरलं. होइटनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तसेच ओल्या बुटांनी आम्ही ऑर्लीनाकडे गेलो. "तीन आहेत, ताई," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. "खालची डुगडुगायची. अजून डुगडुगते?"

माशांच्या बाबतीत हा माणूस वाटेल ते सांगतो. इथं मात्र खरं तेच बोलला.

"ते नाही बघितलं. उद्या जातो परत."

"जा, बाळा," तिनं डोळे मिटले. "पण उतरताना जपून. शेवाळ असेल."