तहान कुणाची

माझी शाळा दुसरीपतुर. म्हणून जसं झालं तसं सांगते, सजवून सांगायला मला येत न्हाय.

माढ्याच्या अलीकडं रानात आमची वस्ती हाय. दोन खोल्या, म्होरं पत्र्याचं शेड, शेडात एक म्हस. शिंगं लांब, पार पाठीवर गेलेली. ही म्हस आमच्यात आली तवा वगार व्हती, एकदाबी याली न्हवती. त्याच साली दुष्काळ पडला. प्यायला पाणी न्हाय, मग वैरण कुठली? मालक आन ल्योक मजुरीला गेले आन मी म्हशीला घिऊन चाऱ्याच्या छावणीत ऱ्हायले. पाच म्हैने. वर फाटका पाल, खाली दगडं, शेजारी ती.

तितं पयल्यांदा झालं. एका दुपारी माझा घसा अशी आग करू लागला की जीब टाळ्याला चिकटली. तांब्याभर पाणी प्याले. पुना एक तांब्या प्याले. पोट डब्ब झालं, पर तहान काय हलंना. मान वर केली तर म्हस माझ्याकडं बगत हुती. वैरणीकडं न्हवं, माझ्याकडं. तिची पाण्याची पाटी खालनं चिरली हुती, सगळं पाणी मातीत गेलं हुतं. म्या माझ्या कळशीतलं तिच्या म्होरं वतलं. ती प्याली, आन माझा घसा वला झाला. म्या एक घोट बी घेतला न्हवता.

कुणाला सांगितलं न्हाय. बाई उन्हानं चळली म्हणाले असते.

फुडं घरी आल्यावर बी असंच. एकदा मी खुरपायला गेले हुते, तर डाव्या टाचंत कळ आली, पाय टेकवंना. बगितलं तर काटा न्हाय, काय न्हाय. खुरपं टाकून लंगडत घरी आले. म्हशीच्या डाव्या खुरात खिळा.

मालक खिळा उपटत हसायला लागलं. "म्हशीनं फोन केला व्हय तुला?"

"तुमाला करत न्हाय, म्हणून जळताय व्हय?"

"मला कशाला करंल? मला पुढ्यात बघून पान्हा सोडती की ती."

त्ये मातूर खरं हुतं. धार त्येनीच काढायची. दुसऱ्या कुणी कासंला हात लावला की ती दूध चोरायची.

मग करोनाचं दुसरं साल आलं. त्या साली आदी म्हशीचं रेडकू मेलं, चार दिवसाचं. तिनं त्येला चाटलं. जित्या रेडकाला म्हस पाठीवर, शेपटीकडं भराभरा चाटती. मेलेल्याला तिनं डोळ्यापासनं धरलं, खाली छातीपतुर एकच लांब जीब, सावकाश. आन नाकातनं मोठा उसासा सोडून थांबली. पुना चाटलं न्हाय.

रेडकू न्हाय तर पान्हा न्हाय, आन दूध तर डेरीला जायचंच. मग आमच्यात करत्यात तसं मालकांनी त्येचं कातडं वाळवलं, आत भुसा भरला, वाकळंच्या दोऱ्यानं शिवलं आन म्हशीच्या तोंडाम्होरं हुबं केलं. डोळ्याच्या जागी दोन टाकं. तिनं हुंगलं. दूध सोडलं.

"फसली," मालक म्हणालं.

माझ्या छातीत तवा काय तरी जड हललं. फसल्याचं न्हवतं त्ये. कळतंय मला, काढा धार, असं म्हशीचं काय तरी हुतं.

म्हैन्यानं आमा दोघास्नी बी ताप आला. मी घरात पडून बरी झाले, पर डाक्टर म्हणाला काळीज कमजोर झालंय, आजीला धक्का देऊ नका. मालकास्नी दम लागला म्हणून गाडी येऊन सोलापूरला घिऊन गेली. ल्योक संगं गेला, भायेर फाटकापाशी बसायचा. आत कुणाला सोडत न्हवते.

म्हशीची कास दगडावानी झाली. म्या मालकाचा सदरा घातला, तंबाकूच्या वासाचा. भुसाचं रेडकू म्होरं ठेवलं आन बसले. तिनं सदरा हुंगला, माझ्या तोंडाकडं बगितलं आन पान्हा सोडला. आदी कातड्याला सोडला, आता कापडाला बी.

चार दिवस मालकांचा फोन यायचा. सून फोन शेडात आणून मोठ्यानं लावायची. मालकांचा आवाज आला की म्हस कान टवकारायची, वरडायची. मालक तिकडनं धापा टाकत म्हणायचं, "आगं, तिला पाणी दाव आदी."

सोमवारी चार वाजता मी धारंला बसले. कासंला हात लावायच्या आत म्हशीनं मान वळवली. माझ्या गळ्यापासनं सदऱ्यावर जीब लावली. गळा, छाती, खिसा. एकच लांब, सावकाश. मग नाकातनं उसासा सोडला आन थांबली.

माझं पाय गार पडत आलं. तोंडात लोखंड चघळल्यावानी चव. धारंची चरवी तितंच ऱ्हायली.

त्या सांजंला फोन आला न्हाय. मंगळवारी ल्योक घरी आला. तोंडाला टावेल, नदर खाली.

"आबा बरं हायती, आई. आत फोन न्यायला बंदी केलीया. बोलून ठेवलंय त्येनी तुझ्यासाठी. ऐक."

फोनातनं आवाज आला. "म्हशीला पाणी दाव. पेंड भिजीव. मी येतो." मग खोकला.

मालकांचाच आवाज. पर शेडात म्हस रवंथ करत हुती. तिचा एक कान बी हलला न्हाय.

बुधवारी पुना फोन. "म्हशीला पाणी दाव. पेंड भिजीव. मी येतो." खोकला तितंच, तेवडाच. गुरवारी बी त्योच. ल्योक माझ्या तोंडाकडं बगायचा, मी मान हलवायची. "बरं वाटलं," म्हणायची. मी इचारलं असतं तर त्यो खरं बोलला असता. न इचारता दिस चालले हुते. आमच्यात सुतकात फोडणी पडत न्हाय, पर सून रोज मोहरी तडतडवायची, मला वास यावा म्हणून. आन फोडणी टाकून झाली की पाठ करून डोळं पुसायची. मी जेवायची. तिच्यासाठी जेवायची.

दर सांजंला म्हशीम्होरं भुसाचं रेडकू ठेवताना मातूर मला तिच्याकडं बगवंना.

सोमवार धरून मी दिस मोजत हुते. दहावा आला. दहाव्याचं पाणी माणसाला मिळालं न्हाय तर त्येनं कुटं जायचं? ल्योक तर माझ्या भ्यानं गप. आज मी बोलले न्हाय तर त्यो माणूस तसाच ऱ्हाणार, त्या खोकल्यासारका, तितंच.

दिस उगवल्यावर म्या भुसाचं रेडकू उचललं, बांधाला खड्डा काढला आन पुरलं. म्हस दाव्याला ताण देऊन बगत हुती. माती लोटून डोक्यावरनं आंघूळ केली आन मीठ न घालता भात टाकला.

ल्योक दारात हुबा. "आई, त्ये रेडकू कुटं गेलं?"

"पुरलं. तिला ठावं हुतं, उगं कशाला?" म्या भाताचा गोळा वळत म्हणलं, "आज दहावा हाय न्हवं?"

त्यो मटकन खाली बसला. सून आतनं पळत आली. "आत्या, कुणी सांगितलं तुमाला?"

मी शेडाकडं बगितलं. तिनं बी बगितलं आन तोंडाला पदर लावला.

"टक्कल बी केलं न्हाय म्या," ल्योक म्हणाला, "तुला कळंल म्हणून. सोमवारीच गेलं, आई. सांजंचं सहाला."

"चारला."

"कागदावर सहा हाय."

"लिवायला सवड झाली तवा सहा वाजलं असतील. गेलं चारला."

सदऱ्याचं त्येला सांगितलं न्हाय.

शेडाच्या म्होरं पानावर पिंड ठेवला. ल्योकानं टक्कल करून घेतलं. कावळा आला, पर खाली उतरंना. म्हशीच्या पाठीवर बसला. आमी हात जोडून हुबं.

"आबा, आईला सांभाळीन," ल्योक म्हणाला. कावळा बसूनच.

"आबा, म्हस इकणार न्हाय." बसूनच.

"आबा, तंबाकू ठेवू का?" सून म्हणाली. ल्योकानं पुडी आणून ठेवली. कावळ्यानं मान वळवली, बस.

ऊन चढलं. सून रडकुंडीला आली. "आत्या, काय ऱ्हायलंय त्येंचं?"

मी काय सांगणार? पन्नास वर्स त्येच्या संगं काढली, तरी मला काय सुचंना. आन हुब्या हुब्या माझा घसा सुकाया लागला. जीब टाळ्याला चिकटली. छावणीतल्यावानी.

पाटीकडं बगितलं. कोरडी ठणठणीत. सकाळपासनं खड्डा, आंघूळ, भात, या गडबडीत तिला कुणी पाणीच दावलं न्हवतं. रोज फोन तेच सांगत हुता, आन मी खोकलाच मोजत बसले हुते.

कळशी आणून वतली. म्हशीनं पाण्यात तोंड घातलं. तिच्या गळ्यातनं घटघट आवाज आला, तसा कावळा पाठीवरनं उतरला, पिंडाला चोच मारली आन उडून गेला.

माझा घसा वला झाला.

म्हशीनं त्या सालापासनं दूध दिलं न्हाय. इकली बी न्हाय. आता आमी दोघी बी म्हाताऱ्या. तहान लागली की मी आदी तिची पाटी बगते. बऱ्याचदा तहान तिचीच असती. पर कदी कदी पाटी काठोकाठ भरलेली असती, मी बी पाणी प्यालेली असते, आन घसा तरी कोरडा पडतो. तवा म्हस बी माझ्याकडं न बगता रिकाम्या वाटंकडं बगत हुबी असती.

मग मी एक तांब्या भरते आन उंबऱ्याभायेर वतते.