नऊ युनिटं

मीटरताईला कोणी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली असती तर तिने वळूनही पाहिलं नसतं. सव्वीस वर्षं ती विजेचे मीटर वाचत होती. खांद्याला पिशवी, हातात आकडे टिपायचं यंत्र, पायांत रबरी तळाच्या चपला आणि तोंडात कायम एखादी चौकशी. "लेक आलीय वाटतं राहायला?" असं ती जिन्यातच विचारायची आणि घरातले चाट पडायचे. तिला कोणी सांगितलेलं नसायचं, मीटरने सांगितलेलं असायचं. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या मुलाची परीक्षा जवळ आली, कोणाच्या घरी दोन खोल्यांत दोन पंखे फिरायला लागले म्हणजे नवरा-बायकोचं बिनसलं, हे सगळं तिला आकड्यांवरून कळायचं. माणसं तोंडाने काहीही सांगोत, मीटर खोटं बोलत नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. हेच छाती ठोकणं तिच्या अंगाशी आलं.

त्याचं असं झालं. लागोपाठ तिसऱ्या वर्षी उन्हाळा अंगावर धावून आला. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटायला लागलं, नळाचं पाणी सकाळी आठलाच हात भाजेल इतकं गरम यायला लागलं. तेव्हा वाचनालयाच्या ग्रंथपालांनी ठरवलं की नुसतं हाशहुश करून भागणार नाही. जग का तापतंय हे लोकांना समजावून सांगायचं आणि आपापल्या घरापासून काहीतरी करायला लावायचं. ग्रंथपाल म्हणजे भला माणूस, पण उतावळा. पहिले दोन शनिवार त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्वतःच भाषण ठोकलं. लोक पंख्याखाली बसून छान डुलक्या काढून गेले. मग ते मीटरताईकडे आले.

"अहो ताई, तुम्ही घरोघरी जाता. तुमचं लोक ऐकतील."

"मी काय शिकवणार, कपाळ! शाळेत गणितात काठावर सुटले होते मी."

काठावर सुटली होती तीही बाईंमुळे. बाई म्हणजे तिच्या गणिताच्या शिक्षिका. मधल्या सुट्टीत सगळ्या मुली पटांगणात हुंदडत असताना बाई तिला वर्गात थांबवून पुठ्ठ्याच्या घड्याळावर काटे फिरवून आकडे वाचायला शिकवायच्या. "घाई नको. आधी बघ, मग वाच, मग लिही." पुढे मीटर वाचायची नोकरी मिळाली तेव्हा ती पहिला पेढाबिढा न घेता, तशीच धावत बाईंच्या पाया पडायला गेली होती. आता बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं, एक भाची होती ती दुसऱ्या गावी. बाई एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली एकट्या राहायच्या.

मीटरताईने शेवटी हो म्हटलं आणि तिने जो धडा तयार केला तो ग्रंथपालांच्या दहा भाषणांना भारी होता. इस्त्रीवाल्याकडून तिने कोळसा मागून आणला आणि पिशवी सगळ्यांसमोर टेबलावर उपडी केली.

"हा पाऊण किलो आहे. हा लाकडाचा, तिकडे खाणीतला जळतो, पण अंदाज घ्या. एक युनिट वीज वापरली की जवळजवळ एवढा कोळसा जळतो. त्याचा धूर वर जाऊन बसतो आणि आपल्याला भाजून काढतो. तुमचा पंखा तासभर फिरला ना, की मूठभर कोळसा गेला."

खोलीत कोणी डुलकी काढली नाही. पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या, मांडीवर वही, नाकावर चष्मा. त्यांनी 'मूठभर' खाली रेघ मारली. वर्ग संपल्यावर त्या म्हणाल्या, "छान शिकवलंस गं. उदाहरण समोर ठेवलंस." मीटरताईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

मग तिलाच कल्पना सुचली. वाचनालयाच्या दारात एक फळा होता. ज्या घरांनी महिन्यात सगळ्यात कमी युनिटं वापरली त्यांची यादी त्यावर लावायची. लोकांना चुरस आवडते. सुताराने दुकानातला जादा दिवा काढला, इस्त्रीवाल्याच्या बायकोने मुलांना टीव्हीपुढून हुसकून लावलं. मीटरताईच्या घरी तर पंखा लावायची चोरी झाली. तिचा नवरा शिंपी, घरातच मशीन चालवायचा. ती बटण बंद करायची, तो परत चालू करायचा.

"घामाचे डाग गिऱ्हाइकाच्या कपड्यावर पडले तर ते काय तुझा कोळसा धुणार आहे?" तो म्हणायचा.

"तुम्हाला सांगून उपयोग नाही. तिकडे बाई बघा, या वयात कशा सगळं करतात!"

बाई खरंच करत होत्या. पहिल्या महिन्यात त्यांचा नंबर सातवा, दुसऱ्या महिन्यात तिसरा. फ्रिज बंद करून टाकला म्हणाल्या, एकटीला दूध लागतं कितीसं. वर्गाला येताना त्यांचं पातळ चुरगळलेलं असायला लागलं. चाळीस वर्षं ज्यांच्या पातळाला कधी चुणी दिसली नव्हती त्या बाई! मीटरताईच्या ते नजरेत आलं, पण तिला वाटलं, वय झालं, आता कुठे इस्त्री करत बसणार.

तिसऱ्या महिन्यातल्या त्या मंगळवारी ती बाईंच्या इमारतीत गेली. या इमारतीत सगळे मीटर तळमजल्यावरच्या बोळात एका फळीवर ओळीने बसवलेले होते. वर चढायचं कामच नव्हतं. चार मजले, त्यात गुडघे कुरकुरायला लागलेले, शिवाय बाहेर ऊन असं की कावळेही गप्प होते. ती ओळीने आकडे टिपत गेली. बाकीच्या मीटरांवरचे तांबडे दिवे वीज खर्च होईल तसे भराभर लुकलुकत होते, बाईंचा मख्ख बसला होता. तिने आकडा टिपला. महिन्याला नऊ युनिटं.

यंत्राने लगेच पडद्यावर विचारलं: वापर फार कमी आहे, घर बंद आहे का?

यंत्राचं बरोबर होतं. सव्वीस वर्षांत तिने हजारो घरं वाचली होती. एकटं माणूसही जिवंत असेल तर उन्हाळ्यात साठाच्या खाली येत नाही, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. नऊ हा कुलूप लावलेल्या घराचा आकडा होता. दुसऱ्या कोणाचा असता तर तिने वर जाऊन दार ठोठावलं असतं. पण तो बाईंचा होता. ती स्वतःशीच हसली. "बंद कसलं, माझ्या बाई राहतात तिथे," असं यंत्रालाच म्हणाली आणि 'नाही' दाबलं. संध्याकाळी फळ्यावर सगळ्यात वर बाईंचं घर लिहून शेजारी रंगीत खडूने तारा काढला. शनिवारी त्यांचा सत्कार करायचा असं ग्रंथपालांनी जाहीर केलं.

शनिवारी सकाळी नऊला खोली भरली. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. ग्रंथपाल म्हणाले, "येतील हो, उन्हाचं हळूहळू चालत असतील." पण बाई उशिरा आल्या, असं मीटरताईने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मग तो नऊचा आकडा तिच्या डोळ्यांसमोर तसा उभा राहिला, जसा त्या मंगळवारीच राहायला हवा होता. ती तशीच उठली आणि पळत सुटली. सुतार त्याच इमारतीत राहायचा, तोही तिच्या मागे धावला.

चार मजले ती कशी चढली तिचं तिला माहीत. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखा वाफारा तोंडावर आला. खिडक्या बंद. छताचा पंखा बंद. बाई कॉटच्या खाली जमिनीवर पडल्या होत्या, अंग चटका बसेल इतकं तापलेलं आणि कोरडं. श्वास होता. मीटरताईने पंखा लावायला बटणाकडे हात नेला आणि तो तिथेच थबकला. प्रत्येक बटणावर गोंदाने चिकटवलेली कागदाची पट्टी होती. शाळेत फळ्यावर यायचं तेच बाईंचं ठसठशीत, वळणदार अक्षर. दिव्याच्या बटणावर 'चिमूटभर.' इस्त्रीच्या बटणावर 'दीड ओंजळ.' पंख्याच्या बटणावर: 'तासाला एक मूठ. गरज आहे का?'

तिने ती पट्टी नखांनी ओरबाडून काढली आणि पंखा चालू केला. ओला टॉवेल बाईंच्या कपाळावर, मानेवर, काखेत ठेवला. सुतार आणि ती, दोघांनी मिळून बाईंना उचललं. सुताराने जाताना दार ओढून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. दवाखान्याकडे जाताना गाडीत बाईंनी एकदाच डोळे उघडले.

"यादी लागली?"

"लागली, बाई."

"पहिली ना मी?"

"हो बाई. पहिल्या."

बाईंच्या चेहऱ्यावर, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी आलं. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. रविवारी दुपारी दवाखान्यात त्या गेल्या.

घरी आल्यावर मीटरताई शिंप्याच्या मशीनशेजारी जमिनीवर बसली. डोक्यावर पंखा फिरत होता. नवऱ्याने मशीन थांबवलं. आपला नवरा आपलं ऐकत नाही, याचं तिला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं आणि मग ती हमसून हमसून रडली. ऐकत नव्हता म्हणून हा वाचला. ऐकणारी एकच विद्यार्थिनी होती आपली.

भाची आली, परस्पर दवाखान्यातून सगळं उरकून गेली. घर आवरायला सुट्टी काढून येते म्हणाली.

पुढच्या शनिवारी ग्रंथपालांनी मीटरताईला दारातच गाठलं. फळा पुसलेला होता.

"ताई, पट्ट्यांचं कोणाला बोलू नका. वय झालं होतं, ऊन बाधलं, एवढं पुरे. नाहीतर लोक म्हणतील यांच्या वर्गामुळे माणूस गेलं. वर्ग मोडेल. इतकं चांगलं काम आहे हो."

"माणूस वर्गामुळेच गेलं," ती म्हणाली. "आणि वर्गामुळे नाही. माझ्यामुळे."

ती आत गेली. तिने कोळशाची पिशवी आणली नव्हती. टेबलामागे न जाता ती बाईंच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि सगळं सांगितलं. नऊ युनिटं, यंत्राने विचारलेला प्रश्न, आपण दाबलेलं बटण, पट्ट्या. "मी तुम्हाला कमी करा, कमी करा म्हटलं. कुठे थांबायचं ते सांगितलं नाही. अंगाची आग होते तेव्हा पंखा ही चैन नाही. ज्यांच्याकडे थंड हवेची तीन-तीन यंत्रं चालतात त्यांना हे सांगायला मी गेलेच नाही, कारण ते वर्गाला येत नाहीत. जे आले, त्यांच्याच पंख्यावर मी बोट ठेवलं."

मागच्या रांगेतला एक जण उठून निघून गेला. जाताना दार आपटलं. मग इस्त्रीवाल्याची बायको खालमानेने म्हणाली, "ताई, आमच्या सासूबाई पण दुपारचा पंखा लावत नाहीत. यादीत नाव यायला पाहिजे म्हणतात. आम्हाला वाटलं, कौतुक आहे."

त्या दिवशी वर्ग झालाच नाही. खोलीतली सगळी माणसं जोडीजोडीने बाहेर पडली. मीटरताईने यंत्रात पाहून कमी आकड्यांची घरं सांगितली आणि लोक दारं ठोठावत फिरले. नुसती हाक ऐकून परतायचं नाही, आत जायचं, हात हातात घेऊन बघायचा, असं तिने बजावलं होतं. पंखे बंद करून बसलेली तीन म्हातारी माणसं सापडली. तिघांनाही आपण जगाचं भलं करतोय असं वाटत होतं. ग्रंथपाल स्वतः एका आजोबांना पाणी पाजत बसले आणि त्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं. लोक म्हणाले, ताई, तीन जीव वाचवलेत. तिला ते गोड लागलं नाही. तिघांना धोक्यात कोणी घातलं होतं?

महिना झाला. मीटरताई पुन्हा त्या बोळात उभी राहिली. बाईंचा मीटर येईपर्यंत तिने बाकीचे सगळे मुद्दाम सावकाश वाचले. मग पाहिलं, तर बाईंच्या मीटरवरचा तांबडा दिवा लुकलुकत होता. तिने आकडा टिपला. महिन्याला एकसष्ट.

यंत्राने काही विचारलं नाही. आकडा माणसाचा होता, जिवंत माणसाचा. यंत्र समाधानाने पुढच्या घराकडे वळलं.

तिला उमगायला क्षणभर वेळ लागला. त्या शनिवारी तिने लावलेला पंखा. नंतर तो कोणी बंदच केला नव्हता.

सुताराकडून किल्ली घेऊन ती चार मजले चढली. कुलूप उघडलं. बंद खोलीत पंखा जोरात फिरत होता आणि त्याच्या वाऱ्यावर बाईंची उघडी वही टेबलावर फडफडत होती. मीटरताई पंख्याखाली, जिथे बाई पडल्या होत्या तिथेच, जमिनीवर बसली. वारा छान लागत होता. बसल्या-बसल्या तिच्या डोक्यात हिशोब झालाच, सव्वीस वर्षांची खोड जाते कुठे: एवढ्या दिवसांचा, दिवसरात्रीचा, कित्येक पाटी कोळसा, कोणासाठीही नाही.

ती उठून बटणापाशी गेली. पट्टीचा गोंद अजून त्याच्यावर होता, बोटाला चिकटला. बाई असत्या तर त्यांनी हे बटण केव्हाच बंद केलं असतं, आणि आपण आत्ता बंद केलं तर त्यांना आवडेलच, हे तिला ठाऊक होतं. तेच तिला सहन होईना. बराच वेळ ती बोट ठेवून तशीच उभी राहिली. मग तिने पंखा बंद केला.