वेगळा देश, वेगळा गणपती

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने वेगळा देश व्हावं, या कल्पनेला माझा कडाडून विरोध होता. सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये मी तो जवळजवळ रोज, उभा राहून, हातवारे करून व्यक्त करत असे. प्रेक्षक एकच, व्हिडिओ कॉलवरचा माझा धाकटा भाऊ. तो तिकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनिअर.

कोविडचं दुसरं वर्ष होतं. सिडनीत आम्ही लॉकडाऊनमध्ये. शेजारच्या पेंडल हिलच्या दुकानातून कोथिंबीर आणणं हाच माझा परदेश प्रवास. तिकडे मात्र राज्याची बॉर्डर बंद करून ही मंडळी मास्कशिवाय बार्बेक्यू करत होती. तेही मी सोसलं असतं. पण आमची आई त्याच्याकडे होती! पुण्याहून आली ती आधी धाकट्याकडे, मग माझ्याकडे, असं ठरलं होतं. बॉर्डर उघडली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते आणि गुडघे बरे झाले तेव्हा बॉर्डर बंद.

"दादा, लोखंड आमचं, सोनं आमचं," भाऊ म्हणायचा. "आमच्या राज्याला हवं तेवढं कर्ज काढू दे. नाहीतर होतो आम्ही वेगळे!"

"काढा की! उद्या खनिजाचे भाव पडले की फेडायला कोणाचं दार वाजवाल? आमचंच ना?"

"बाबा, यू आर जस्ट जेलस," आतून मुलगी ओरडायची.

होतोच. भाषणात मी कर्ज, चलन, सैन्य सगळं आणायचो. मनात एकच होतं: तो वेगळा देश झाला, तर आईला माझ्याकडे यायला आणखी एक व्हिसा लागेल.

गणपती जवळ आले आणि भावाने बॉम्ब टाकला. "यंदा मी इथेच गणपती बसवतो. आई आहेच."

आमच्या घरचा गणपती माझ्याकडे, मोठ्याकडे असतो. भाऊ दर वर्षी विमानाने येतो. गणपती वेगळा म्हणजे घर वेगळं, हे का सांगायला हवं?

"चूल वेगळी केलीस!" मी छातीवर हात ठेवून सोफ्यावर कोसळलो.

आईने फोन घेतला. नेहमीप्रमाणे स्क्रीनवर फक्त कपाळ आणि कुंकू. "ओरडू नकोस, बीपी वाढेल. घर एक तर गणपती एक. तो मोठ्याकडेच बसेल. आणि कर्जबिर्ज कोणी काढू नका."

मी सोफ्यावरून उठून लवून मुजरा केला.

"मोदक मात्र मी इथे करते," आई म्हणाली. "तिथे कोणाला येतात?"

"मला नाही येत," बायकोने तत्परतेने सांगितलं.

चतुर्थीला आमच्याकडे बाप्पासमोर दुकानातले पेढे आणि लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये कालगुर्ली. आईने वाफाळत्या उकडीच्या मोदकांचं ताट कॅमेऱ्यासमोर धरून आमच्या गणपतीला नैवेद्य दाखवला.

"दादा, पोचला ना नैवेद्य?" भावाने विचारलं आणि अख्खा मोदक तोंडात टाकला. तूप मनगटापर्यंत ओघळलं.

"पोचला," मी म्हणालो.

"तुझे फ्रीझरमध्ये ठेवलेत रे," आई म्हणाली. "बॉर्डर उघडली की घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उभा राहिलो, नवा मुद्दा घेऊन. वेगळा देश झालात, तर कस्टमवाले ते मोदक सोडणार आहेत का?