हनुवटीकाकांचा न संपणारा सोलो

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पासपोर्ट फोटोचं एक दुकान आहे. दुकान कसलं, एक पांढरा पडदा, दिव्यांच्या दोन छत्र्या, एक फिरतं स्टूल आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाने आयुष्यात एकदा तरी हा कोट घातलाय. पुढून साहेब आणि पाठीमागे नुसत्या सेफ्टी पिना.

दुकानाच्या मालकांना सगळे हनुवटीकाका म्हणतात. "हनुवटी खाली, तोंड बंद, हसू नका," एवढं सांगण्यात त्यांचा जन्म गेला, आणि सांगता सांगता त्यांचा स्वतःचा चेहराही तसाच होऊन बसला. मुलीच्या लग्नात ते रडले, पण गालावर पाणी दिसलं म्हणून कळलं. काकू म्हणायच्या, "यांना राग आलाय की झोप, हे चष्मा लावूनही कळत नाही."

या दुकानात एका दुपारी चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. नवऱ्याची बदली परदेशात झाली होती, त्यांना व्हिसासाठी फोटो हवा होता. याआधी दोन ठिकाणी काढलेले फोटो नापास होऊन आले होते. एकावर तर शेरा होता, 'अर्जदार शिंकत आहे.'

काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं.

"बाई, भुवया."

"काय झालं भुवयांना?"

"वर गेल्यात."

बाईंनी भुवया खाली आणल्या. तेवढ्यात ओठ वाकडा झाला. ओठ सरळ केला तर एक डोळा मिटला.

"काही दुखतंय का?"

"नाही हो. डोक्यात सोलो चाललाय."

काकांनी कॅमेरा खाली ठेवला. सोलो म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाई सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये लीड गिटार वाजवत. त्या म्हणाल्या, "असं बघा, गाणं म्हणजे बैलगाडी. सगळे मिळून हाकतात. मधेच एकजण उडी मारतो आणि शेतातून उधळल्यासारखा पळत सुटतो. तो सोलो. गाडी थांबत नाही. त्याने मनसोक्त पळायचं आणि पुन्हा येऊन गाडीत बसायचं."

काकांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. मग त्याच निर्विकार चेहऱ्याने म्हणाले, "मलाही पळायचंय."

बाईंना वाटलं, थट्टा करतायत. पण काकांच्या तोंडाकडे बघून काही ठरवता येण्याची सोयच नव्हती. शेवटी सौदा ठरला. काकांनी बाईंना चेहरा सरळ ठेवायला शिकवायचं, बाईंनी काकांना सोलो.

दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा शिकवणी चाले. बाईंनी आपली जुनी गिटार आणि लहानसा स्पीकर दुकानात आणून ठेवला. गिटारच्या मानेवरच्या पाचव्या पट्टीपाशी काकांचं बोट टेकवून त्या म्हणाल्या, "इथून हा एवढा चौकोन. यात पाचच सूर आहेत. कुठूनही कुठेही जा, वाईट वाजणार नाही. चौकोनाबाहेर मात्र सध्या पाऊल टाकायचं नाही."

काकांना हे फार पटलं. चौकोनात बसवणं हाच तर त्यांचा धंदा होता.

पंचाईत झाली ती तार ताणण्याची. सूर चढवायला बोटाने तार वर रेटायची असते. काका हिसका मारत आणि तार मांजराचं शेपूट सापडल्यासारखी किंचाळे.

"हिसका नाही हो!" बाई म्हणत. "दाढ काढताना हळूहळू रेटतात, तसं. वरचा सूर आला की धरून ठेवायचं."

"मी कुठे कुणाची दाढ काढलीय?"

"मागच्या वर्षी माझ्याकडून काढून घेतलीत ना?"

"घेतली."

"मग ती आठवा."

काकांनी ती आठवली, आणि काय आश्चर्य, तार रडल्यासारखी वर चढली. मग बाईंनी पुढचा धडा दिला. "सारखं वाजवायचं नाही. एक वाक्य म्हणायचं आणि थांबायचं. पेशंटला आपण चूळ भरायला वेळ देतो, तेवढं." काका मान डोलवत. वाजवत कमी आणि चूळ भरायला वेळच जास्त देत. हळूहळू हात बसला. शेजाऱ्यांना मात्र वाटलं, डॉक्टरीणबाईंनी दवाखानाच इथे हलवला. एकजण तर गाल धरून येऊन स्टुलावर बसला. काकांनी सवयीने त्याचा फोटो काढला.

सरावाने काकांच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. त्यात ओळखपत्र नवं करायची वेळ आली. कचेरीतल्या ठशाच्या यंत्राला ती बोटं काही केल्या पटेनात. कारकून म्हणाला, "काका, बोटं आहेत, पण ठसे नाहीत. काय काम करता?"

"फोटो काढतो."

"त्याने बोटं झिजतात?"

"नाही. ते सोलोमुळे."

कारकुनाने चष्मा वर केला. "सोलो म्हणजे एकटे? मग या तुमच्या शेजारी बसल्यात त्या कोण?"

शेजारी काकू बसल्या होत्या. त्यांचा चेहरा काकांसारखा नव्हता, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कचेरीतल्या सगळ्यांना तत्काळ कळलं. ओळखपत्र मिळालं, पण घरी काही दिवस भाजीत मीठ नव्हतं.

इकडे बाईंच्या भुवया काही खाली यायला तयार नव्हत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "फोटोचं राहू द्या. आज तुम्ही वाजवा, पहिल्यापासून. मी फक्त ऐकते." त्या स्टुलावर बसल्या. काकांनी तार रेटली, सोडली, दुसऱ्या तारेवर गेले आणि वाट चुकून चौकोनाबाहेर पडले. परत येतायेता तीन ठिकाणी ठेचकाळले. बाईंच्या भुवया जागच्या जागी थिजल्या. ओठ मिटले. डोळे समोर.

काकूंनी दारातूनच हे पाहिलं आणि पुढे होऊन कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

"आवडला का?" काकांनी विचारलं.

"विचार करतेय," बाई म्हणाल्या.

तो फोटो पहिल्याच फटक्यात पास झाला आणि बाई परदेशी रवाना झाल्या. गिटार त्यांनी काकांनाच देऊन टाकली. सोलो सुरू कसा करायचा, ते काकांना आता येत होतं. संपवायचा कसा, हा धडा राहून गेला, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

बाई गेल्यावर बँडमध्ये लीडची जागा रिकामी पडली. ड्रम वाजवणारा पंक्चरवाला काकांकडे आला. "काका, एका इमारतीत नव्या लिफ्टचं उद्घाटन आहे. चार गाणी वाजवायचीत. याल का?"

काका गेले, काकूही बरोबर गेल्या. तिसऱ्या गाण्यात मधली जागा आली, पंक्चरवाल्याने मानेने खूण केली आणि काकांनी उडी मारली. काय सुरेख उडी होती ती! लोक कौतुकाने बघायला लागले आणि गोंधळले. सूर गहिवरलेला आणि माणूस हनुवटी खाली, तोंड बंद. कुणाचा विश्वासच बसेना. एका आजोबांनी खरा वाजवणारा कुठे लपलाय ते पाहायला स्पीकरमागचा पडदा उचलला.

गायक पुढचं कडवं घ्यायला माईकपाशी आला. काका पळतच होते. तो मागे सरला. पुन्हा पुढे आला. पाहुण्यांनी फीत कापली, लिफ्टमधून वर जाऊन खाली आले, मग दुसरी तुकडी जाऊन आली. काका पाच सुरांतून गोल गोल फिरत होते. जेवणं सुरू झाली. वाढपी रिकामी भांडी नेऊ लागले. खुर्च्या मिटल्या. पंक्चरवाला घामाघूम होऊन ओरडला, "काका, गाडीत बसा आता!" काका चूळ भरण्याएवढे थांबले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी पुन्हा तार रेटली.

काकू हातात ताट घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे बघून दचकल्या. "अहो, यांना थांबता येत नाहीये! घाबरलेत ते!"

"कशावरून?" गायकाने विचारलं. "तोंड तर तसंच आहे."

"कानाच्या पाळ्या बघा की, लालभडक झाल्यात!"

त्यांनी ताट गायकाच्या हातात दिलं, व्यासपीठावर चढल्या आणि उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तारांवर तळहात ठेवला. सगळं शांत झालं. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो नक्की कुणासाठी होता, यावर बँडमध्ये अजून वाद आहे.

तेव्हापासून काकू बँडमध्ये आहेत. काकांच्या डावीकडे पर्स काखेत मारून उभ्या राहतात आणि वेळ झाली की हात ठेवतात. इतर बँडवाल्यांना आधी हसू यायचं. आता त्यांच्यातले दोघंतिघं आपापल्या घरी विचारून बघतायत.

परवा एका दुकानाच्या वर्धापनदिनाला मीही गेलो होतो. काकांचा सोलो सुरू झाला, चढला, फिरला. वेळ झाली. पंक्चरवाल्याने काकूंकडे पाहिलं. काकू हलेनात. गायकाने खाकरून पाहिलं, तरी त्यांचा हात पर्सवरच. बऱ्याच वेळाने त्यांनी तळहात ठेवला.

घरी परतताना मी विचारलं, "काकू, आज उशीर केलात?"

"बरं चाललं होतं," त्या म्हणाल्या आणि भरभर पुढे चालू लागल्या.

"आणि काका, तुम्हाला काय वाटत होतं तेव्हा?"

काकांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "भूक लागली होती," ते म्हणाले. मी त्यांच्या कानांकडे बघायचा प्रयत्न केला, पण त्यांनी मफलर गुंडाळला होता.